पाऊस बदलला, मग दिल्लीतला कागद बदलला का?

गेल्या अंकात हवामान बदल आणि सरकारचं शेती धोरण यावर चार ओळी लिहिल्या आणि बेळगाव, खानापूर, अथणीकडनं एवढी पत्रं आली की टेबलावर जागा उरली नाही. सगळी घेता येत नाहीत, चार घेतो. नावं देऊ नका असं बहुतेकांनी लिहिलंय, ते पाळतो.

प्रश्न : दादा, टीव्हीवर सांगतात की शेतीच्या धोरणात हवामान बदलाचा विचार केलाय. आमचं भात बळ्ळारी नाल्याच्या काठाला. नट्टी (भाताची रोपलावण) लावून पंधरा दिवस होईस्तोवर शिवारात पाणी चढतंय, रोप कुजतंय, परत रोप विकत घ्या परत लावा. त्या धोरणातलं आमच्या बांधापर्यंत काय आलं ते एकदा सांगा की. — एक शेतकरी, येळ्ळूर

उत्तर : मामा, कागदावर बरंच आहे, आधी तेच सांगतो म्हणजे तुम्ही कुणाला काय विचारायचं ते कळेल. जून 2008 मध्ये केंद्राने हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, त्यात आठ मिशन, त्यातलं एक शाश्वत शेतीचं, ते प्रत्यक्ष सुरू व्हायला 2014-15 उजाडलं. मधल्या काळात 2011 ला 'निक्रा' नावाचा प्रकल्प आला, हवामानाला टिकेल अशी शेती कशी करायची यावर संशोधन आणि गावात प्रयोग. तो हैदराबादची 'क्रिडा' चालवते, खेळाचा काही संबंध नाही हो, कोरडवाहू शेतीची संशोधन संस्था आहे ती. त्यांनीच जिल्ह्याजिल्ह्याचे आपत्कालीन पीक आराखडे केलेत, पाऊस दोन आठवडे लांबला तर काय पेरायचं, चार लांबला तर काय, सहा-आठ लांबला तर काय, मध्येच ताण पडला तर काय, असं सगळं कोष्टकात मांडलंय. काम चांगलं आहे, मी वाचलंय. पण इंग्रजीत आहे आणि आख्ख्या जिल्ह्याचा एकच.

आता आपला जिल्हा बघा. कर्नाटकाचे शेती-हवामानाचे दहा विभाग पाडलेत त्यातले तीन एकट्या बेळगाव जिल्ह्यात येतात. खानापूरचा डोंगरी पट्टा वेगळा, बेळगाव-हुक्केरीचा मधला पट्टा वेगळा, अथणी-रामदुर्गचा कोरडा पट्टा वेगळा. खानापूरच्या कणकुंबीत पावसाळ्यात अंथरुणाला बुरशी येते त्याच आठवड्यात अथणीकडे लोक ढगाकडे बघत बसलेले असतात. धोरणाचं घोडं अडतंय ते इथंच, जिल्हा हे माप सरकारच्या सोयीचं, पाऊस काय ते माप बघून पडत नाही.

तुमच्या नाल्याचं मात्र सगळं खापर हवामान बदलावर फोडू नका. धो-धो पाऊस थोड्या दिवसात पडायला लागलाय हे खरं, पण नाल्यात गाळ, जलपर्णी, कडेला भराव टाकून प्लॉट, याला आभाळ काय करणार? भाताचं म्हणाल तर पाण्याखाली दोनेक आठवडे तग धरणारी 'स्वर्णा सब-1' नावाची जात 2009 पासून देशात आहे. आता तुम्ही म्हणाल आम्ही इंद्रायणी आणि बासमती सोडून ते कुठलं जाडं भात खायचं, बाजारात त्याला विचारणार कोण. बरोबर आहे तुमचं. म्हणूनच म्हणतो, एका कोपऱ्यात चार-पाच गुंठे सगळ्यात खोल वाफ्यात लावून बघा, बाकीचं आहे तसं राहू दे.

आणि एक महत्त्वाचं. पीक विम्यात भात पाण्यात बुडाल्याची वैयक्तिक भरपाई होती ती 2018 ला काढून टाकलेली. 2026 च्या खरिपापासून ती पुन्हा सुरू करत असल्याचं केंद्राने जाहीर केलंय. पण राज्याने आपल्या अधिसूचनेत ती घेतली का, आपल्या तालुक्याला लागू केली का, हे विमा भरायच्या आधी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारा. बुडाल्यावर विचारून उपयोग नाही.

प्रश्न : आमच्याकडं पावसापेक्षा गव्यांचा त्रास जास्त. रात्रीत अर्धा एकर भात तुडवून जातेत. हे हवामान बदलात बसतंय का? — जांबोटी भागातून

उत्तर : बसतंय की नाही यावर वाद घालत बसू नका, विम्यात आता बसवलंय ते बघा. वरच्याच निर्णयात जंगली जनावरांनी केलेलं नुकसानही 2026 खरिपापासून धरलंय, फक्त जनावरं कुठली आणि तालुके कुठले ते राज्याने ठरवायचं. नुकसान झाल्यापासून 72 तासांत क्रॉप इन्शुरन्स ॲपवर फोटो टाकून कळवायचं. जांबोटीला नेटवर्क नसतं हे दिल्लीला कोण सांगणार, म्हणून 14447 हा फोन नंबर पण लिहून ठेवा.

प्रश्न : आमचा सगळा पट्टा उसाचा. 2019 ला कृष्णेच्या पुरात ऊस आठ दिवस पाण्यात, 2023 ला पाऊसच नाही, विहिरी कोरड्या. तज्ज्ञ येतात आणि सांगतात ज्वारी लावा, भरडधान्य लावा. तुम्हीच सांगा लावू काय? — एक ऊस उत्पादक भगिनी, अथणी तालुका

उत्तर : अक्का, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण यात धोरणाची सगळी गंमत आहे. 2023 चा ऑगस्ट हा देशातला 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, कर्नाटकात 236 पैकी 223 तालुके दुष्काळी जाहीर झाले. आणि तेच वर्ष भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष, ते पण भारताच्याच प्रस्तावावरून. हॉटेलात नाचणीची बिस्किटं आली, भाषणं झाली. पण शेतकरी भाषणावर पेरणी करत नाही, हिशेबावर करतो.

हिशेब असा. उसाला केंद्र एफआरपी म्हणजे किमान भाव ठरवतं, 2025-26 ला 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये, आणि तो देणं कारखान्यावर कायद्याने बंधनकारक. वरनं पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण, म्हणजे उसाला आणखी एक गिऱ्हाईक. ज्वारीला हमीभाव आहे, मालदांडी जातीला त्याच वर्षी 3,749 रुपये, पण त्या भावाने घेणारा काटा तुमच्या गावाजवळ सुगीत उघडतो का? उसाला पाणी लागतं 1500 ते 2500 मिलिमीटर आणि ज्वारी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागते, हे एका खात्याला माहीत आहे. दुसरं खातं उसालाच खात्री देऊन बसलंय. हवामानाचा विचार धोरणात आणायचा म्हणजे या दोन खात्यांना एका टेबलावर बसवायला पाहिजे, नुसतं मिशन वाढवून काय होणार?

म्हणून मी तुम्हाला ऊस काढा असं सांगणार नाही. ठिबक करा, पाचट जाळू नका, सरीत पसरा, ओल टिकते. नदीपासून लांबचा, विहिरीवरचा तुकडा असेल तर खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यातनं फुटलेला ऊस) संपल्यावर तेवढ्याच तुकड्यात एकदा हरभरा-ज्वारी घेऊन बघा, घरची भाकरी आणि जनावरांना कडबा तरी होईल, कडब्याचा भाव 2023 ला काय होता ते आठवा.

भरपाईचंही सांगून टाकतो. सरकारी आपत्ती निधीच्या 2022-23 ते 2025-26 च्या निकषात 33 टक्क्यांवर नुकसान असेल तर कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, तेही दोन हेक्टरपर्यंतच. म्हणजे कोरडवाहूत गुंठ्याला जेमतेम 85-86 रुपये. राज्य सरकार कधीकधी वरनं भर घालतं, पण त्याच्यावर अवलंबून राहू नका.

प्रश्न : विमा भरून सुद्धा पैसे आले नाहीत. कुठं चुकलं? — निपाणी भागातून

उत्तर : तुमचा कागद बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण माझ्या घरचं सांगतो. आम्ही विमा भरला सोयाबीनचा. सरकारी पीक सर्व्हेला आलेल्या पोराने चिखलात उतरायला नको म्हणून बांधावरनंच फोटो मारला, तो शेजारच्या उसाचा. नोंद झाली ऊस. सर्व्हेतलं पीक आणि विम्यातलं पीक जुळेना, अर्ज बाद. सहा महिने खेटे घातले. तेव्हापासून सर्व्हेची नोंद मी स्वतः ॲपवर करतो, कन्नडमध्ये असलं तरी शेजारच्या पोराला धरून करतो, आणि जमिनीच्या उताऱ्यावर काय आलंय ते परत बघतो.

दुसरं कारण असं असू शकतं की तुमचं शेत गेलं पण पंचायतीची सरासरी चांगली निघाली. मुख्य पिकांना विम्याचं एकक ग्रामपंचायत असतं, एकट्याचं शेत नाही, वैयक्तिक भरपाई मुख्यतः गारपीट, भूस्खलन असल्या स्थानिक नुकसानीला, आणि त्यालाही तेच 72 तास.

पावसाचे आकडे मागायला मात्र विसरू नका. राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राने पंचायतवार पर्जन्यमापक बसवलेत, त्यांचा आकडा आणि तुमच्या शिवारातला पाऊस जुळत नसेल तर ग्रामसभेत तारखेसह लेखी द्या. माझ्याकडे 2019 पासूनची वही आहे, पत्र्याच्या डब्यात पट्टी बुडवून लिहिलेली, आमच्या तलाठ्याने आधी हसून बघितली आणि मग तिची झेरॉक्स मागितली.