लिनक्स लॅपटॉपवरील दोन ग्राफिक्स कार्डे : कोणते काम कोणाकडे द्यावे

तुमच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधलेच इंटेलचे ग्राफिक्स आणि स्वतंत्र एनव्हिडिया आरटीएक्स कार्ड आहे. त्यावर उबुंटू 24.04 आहे. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या इन्स्टॉलरने ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) टाकल्यावर काही दिवस सारे सुरळीत चालले आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) अद्ययावत झाल्यावर मात्र डेस्कटॉपऐवजी नुसता मजकुरी लॉगिन येऊ लागला, असे तुम्ही लिहिले आहे. दोन्ही कार्डे एकाच वेळी चालावीत, ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्रॅमला पूर्ण ताकद मिळावी आणि बॅटरीही टिकावी, ही तुमची अपेक्षा रास्त आहे. फक्त ‘एकाच वेळी’ म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करून घ्यायला हवे.

एका गाडीला जुंपलेल्या दोन बैलांप्रमाणे ही कार्डे एकच भार मिळून ओढत नाहीत. एनव्हिडियाने 2010 साली ऑप्टिमस नावाने जी रचना आणली, तिच्यात लॅपटॉपच्या पडद्याची तार अंतर्गत ग्राफिक्सलाच जोडलेली असते. स्वतंत्र कार्ड आपल्याकडे आलेले चित्र स्वतःच्या मेमरीत रेखाटते, तयार झालेली चौकट अंतर्गत ग्राफिक्सच्या हवाली करते आणि ती पडद्यावर पाठवण्याचे काम अंतर्गत ग्राफिक्स करते. लिनक्समध्ये या देवाणघेवाणीला प्राइम म्हणतात. म्हणून डेस्कटॉप, ब्राउझर, व्हिडिओ ही रोजची कामे इंटेलकडे ठेवणे, जड काम तेवढे एनव्हिडियाकडे पाठवणे आणि उरलेल्या वेळी एनव्हिडियाला झोपू देणे, हीच या यंत्रावरची योग्य व्यवस्था होय. तुमच्या यंत्राची रचना कोणती, हे यंत्रातल्या उपकरणांची यादी देणारी एलएसपीसीआय ही आज्ञा बऱ्याच अंशी सांगते (आज्ञा येथे देवनागरीत लिहीत असलो तरी टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लहान अक्षरांत टंकायच्या). इंटेलच्या ओळीत ‘व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर’ आणि एनव्हिडियाच्या ओळीत ‘थ्रीडी कंट्रोलर’ असे दिसले, तर एनव्हिडिया कार्डाला बहुधा कोणताच पडदा थेट जोडलेला नाही. दोन्ही ओळींत ‘व्हीजीए’ असेल तर बाहेरचे एखादे पोर्ट त्या कार्डावरून निघत असण्याची शक्यता मोठी असते. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) पडदा थेट एनव्हिडियाला जोडण्याचा पर्यायही असतो. सारे नीट बसेपर्यंत तो ‘हायब्रिड’वरच ठेवावा.

आता बिघाडाकडे वळू. संकेतस्थळावरचा इन्स्टॉलर उबुंटूच्या पॅकेज व्यवस्थापकाला (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या यंत्रणेला) न कळवता फायली जागोजागी टाकतो, आणि त्याचे मोड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलला जोडला जाणारा भाग) त्या वेळच्या कर्नलसाठीच बांधलेले असते. मोड्यूल आपोआप पुन्हा बांधणारी डीकेएमएस ही सोय निवडली नसेल तर नव्या कर्नलसाठी ते पुन्हा बांधले जात नाही आणि डेस्कटॉप उठत नाही. तुमच्या बाबतीत हेच झाले असावे. हा मार्ग त्या संकेतस्थळावर आहे म्हणून तो अधिकृत आणि म्हणून उत्तम, असा अनेकांचा समज होतो. माझ्या मते लॅपटॉपवर त्याला हात लावण्याचे कारणच नाही. मजकुरी लॉगिनवर प्रवेश करावा (पडदा पूर्ण काळा असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबावे) आणि सुडोसह (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) एनव्हिडिया-अनइन्स्टॉल चालवावे. त्यानंतर ईटीसी निर्देशिकेतील एक्स11 (X11) फोल्डरमध्ये एक्सऑर्ग.कॉन्फ नावाची ग्राफिक्सच्या मांडणीची फाइल उरली असेल तर तिचे नाव बदलून ठेवावे. जुन्या लेखांत ही फाइल हाताने लिहायला सांगितलेली असते, पण आजच्या व्यवस्थेत ती बहुधा अडथळाच ठरते. त्याच लेखांतला, निवडक प्रोग्रॅम एनव्हिडियावर चालवणारा बंबलबी हा 2011 च्या सुमाराचा प्रकल्पही विसरावा. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरनेच 2019 मध्ये, 435 या मालिकेपासून, निवडक प्रोग्रॅम आपल्याकडे घेण्याची सोय दिल्यावर त्याची गरज संपली.

यानंतर उबुंटूच्या भांडारातूनच ड्रायव्हर घ्यावा. ‘अतिरिक्त ड्रायव्हर’ या खिडकीतून किंवा ‘उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ या आज्ञेने शिफारस केलेली आवृत्ती येते. नावात ‘सर्व्हर’ असलेली आवृत्ती तुमच्यासाठी नाही. ‘ओपन’ असलेली चालेल, कारण 2022 मध्ये खुली झालेली ती कर्नल मोड्यूले एनव्हिडियाच्या ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांसाठी आहेत आणि प्रत्येक आरटीएक्स कार्ड त्यांत बसते.

येथे सिक्युअर बूटकडे (सही नसलेले मोड्यूल चढू न देणाऱ्या सुरक्षेच्या सोयीकडे) लक्ष हवे, कारण निम्मे प्रश्न येथेच उद्भवतात. उबुंटूने सही केलेले तयार मोड्यूल मिळाले तर वेगळे काही करावे लागत नाही. मोड्यूल तुमच्याच यंत्रावर बांधले गेले, तर मात्र बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येतो आणि कळ दाबण्यासाठी केवळ 10 सेकंद थांबतो. तो काहीतरी बिघाड आहे असे समजून लोक वाट पाहतात, यंत्र नेहमीप्रमाणे सुरू होते, आणि ड्रायव्हर मात्र चढत नाही. त्या पडद्यावर कोणतीही कळ दाबून ‘एनरोल एमओके’ (म्हणजे सहीच्या चावीची नोंदणी) निवडावे, ‘कंटिन्यू’ करावे, ‘येस’ म्हणावे आणि तोच पासवर्ड द्यावा. तेथे कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा धरला जातो, त्यामुळे पासवर्डात चिन्हे न ठेवलेली बरी. ही संधी हुकली असेल, तर मोडप्रोब एनव्हिडिया ही मोड्यूल चढवणारी आज्ञा चालवल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा संदेश येतो. तसे झाल्यास त्या चावीची नोंदणी पुन्हा करावी; त्यासाठी सिक्युअर बूट कायमचे बंद करण्याची गरज नाही.

ड्रायव्हर चढल्यावर प्राइम-सिलेक्ट या आज्ञेने ‘ऑन-डिमांड’ हा प्रकार निवडून यंत्र एकदा पुन्हा सुरू करावे. मग जीएलएक्सइन्फो (चित्र कोण काढते ते सांगणारी ही आज्ञा मेसा-युटिल्स या पॅकेजमध्ये येते) एकदा नुसते आणि नंतर त्याच्या अगोदर प्राइम-रन (प्रोग्रॅम एनव्हिडियाकडे पाठवणारी आज्ञा) लिहून चालवावे. पहिल्या वेळी ‘रेंडरर’च्या ओळीत इंटेल आणि दुसऱ्या वेळी एनव्हिडिया दिसले, की व्यवस्था लागली असे समजावे. त्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ असा शब्द आला तर चित्र कोणतेच कार्ड काढत नसून सारे काम प्रोसेसर करत आहे. अशा वेळी खेळांच्या सेटिंगमध्ये डोके न घालता ड्रायव्हरकडेच परत जावे. ग्नोम या उबुंटूच्या डेस्कटॉपमध्ये चिन्हावर उजवी टिचकी मारून समर्पित कार्डावर प्रोग्रॅम सुरू करण्याचा पर्यायही मिळतो आणि तो पडद्यामागे याच सोयीचा वापर करतो. दोन्ही ग्राफिक्स एएमडीची असलेल्या वाचकांना यांतले काहीच बसवावे लागत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि मेसा या खुल्या ग्राफिक्स संचामध्ये असतोच, आणि प्रोग्रॅमच्या आधी डीआरआय_प्राइम=1 लिहिले (ही अक्षरे रोमन मोठ्या लिपीत) की काम भागते.

ब्लेंडरबाबत एक बारकावा आहे. सायकल्स या ब्लेंडरच्या इंजिनाचे रेंडरिंग (अंतिम चित्र काढणे) एनव्हिडियाच्या कुडा किंवा ऑप्टिक्स या प्रणालींमार्फत होते आणि ते कार्डाशी थेट बोलतात. त्यासाठी प्राइम-रन लागत नाही. ब्लेंडरच्या प्राधान्यांत ‘सिस्टिम’ विभागात जाऊन कार्डासमोर खूण करावी आणि दृश्याच्या रेंडर सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस’ जीपीयूवर ठेवावे. प्राइम-रनचा उपयोग होतो तो व्ह्यूपोर्ट (काम करतानाचे दृश्य) आणि ईव्ही हे ब्लेंडरचे दुसरे इंजिन यांना. म्हणजे व्ह्यूपोर्ट अडखळत असला आणि अंतिम रेंडर मात्र वेगाने होत असले, तर ड्रायव्हर उत्तम आहे, केवळ ब्लेंडर इंटेलवर सुरू झालेले आहे.

राहिला बॅटरीचा प्रश्न. ट्युरिंगपासूनची कार्डे काम नसताना पूर्ण वीज बंद करून झोपू शकतात, पण ती झोपली की नाही, हे पाहण्यासाठी बरेच जण एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची स्थिती दाखवणारी आज्ञा चालवतात आणि त्या आज्ञेनेच कार्ड जागे होते. त्याऐवजी सिस निर्देशिकेत बस, पीसीआय, डिव्हाइसेस या वाटेने कार्डाच्या पत्त्याचे फोल्डर गाठावे (तो बहुधा 0000:01:00.0 असतो, खात्री एलएसपीसीआयने करावी) आणि पॉवर या उपफोल्डरातील रनटाइम_स्टेटस ही फाइल वाचावी. ‘सस्पेंडेड’ आले तर कार्ड झोपले आहे. ‘ॲक्टिव्ह’च येत राहिले तर प्रथम तापमान दाखवणारे पॅनेलवरचे विजेट काढून पाहावे, कारण ते दर काही सेकंदांनी कार्डाला उठवत असते. त्यानेही फरक पडला नाही आणि कार्ड ट्युरिंगचे असले, तर एनव्हिडिया मोड्यूलच्या पर्यायांत एनव्हीरेग_डायनॅमिकपॉवरमॅनेजमेंट (NVreg_DynamicPowerManagement) याची किंमत 0x02 करावी. अँपिअर (ट्युरिंगनंतरची पिढी) व पुढच्या पिढ्यांत ही सोय मुळातच चालू असते. प्रवासात जड काम करायचेच नसेल, तर प्राइम-सिलेक्टमध्ये ‘इंटेल’ निवडून पुन्हा सुरुवात करणे हाही सरळ उपाय आहे.

शेवटची अडचण बाहेरच्या मॉनिटरची. एचडीएमआय पोर्ट एनव्हिडियावरून निघत असेल, तर मॉनिटर जोडलेला असेपर्यंत ते कार्ड झोपणार नाही, आणि त्यावर ड्रायव्हरमध्ये इलाज नाही. सिस निर्देशिकेतील क्लास, मग डीआरएम या फोल्डरात ‘कार्ड1-एचडीएमआय-ए-1’ अशा नावांची यादी असते. कोणते पोर्ट कोणत्या कार्डाचे, ते त्यावरून कळते. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा ‘ईडीपी’ नावाने ज्या क्रमांकाच्या कार्डाखाली दिसतो, त्याच कार्डाखाली ‘डीपी’ नावाचे एखादे यूएसबी-सी पोर्ट असेल, तर मॉनिटर त्यातून जोडावा.