रविवार कोणाचा?

"मावशी, मी 38 वर्षांचा, कोथरूडला राहतो, आयटीत आहे. कोविडनंतर ट्रेकिंगचं वेड लागलं. जवळजवळ दर रविवारी नव्या गडावर असतो. वर पोहोचलं की डोकं शांत होतं आणि सोमवारी पहिल्या मीटिंगला पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग रात्री हेडफोन लावून मिनिमलिस्ट संगीत ऐकतो. तेच तेच सूर फिरत राहतात, बरं वाटतं. बायको म्हणते, 'तू घरात असलास तरी डोंगरावरच असतोस.' मुलगी 6 वर्षांची आहे. परवा काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो, तर गाड्यांच्या रांगा, झाडांवर टॉर्च मारणारी माणसं. वैतागून परत आलो आणि घरी भांडण झालं. हल्ली पहाटे 3 वाजता जाग येते, मग झोप नाही. शांतता शोधणं हा स्वार्थ आहे का?"
– अ., पुणे

अ., शांतता हवीशी वाटण्यात स्वार्थ काही नाही. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात तुझ्या बायकोचा रविवार काही मला सापडला नाही. पहाटे तुझा गजर वाजतो तेव्हा तिचीही झोप मोडत असणार. मुलीला आंघोळ, जेवण, 'बाबा कधी येणार' याचं उत्तर, संध्याकाळी चिखलाने माखलेले बूट आणि सॅकमधला तो ओला गोळा, हे कोण बघतं ते तू लिहिलेलं नाहीस. तिची तक्रार डोंगराबद्दल आहे असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही.

तेव्हा आधी हे कर. महिन्यातले दोन रविवार तिचे. 'मदत करतो' ही भाषा नको, सकाळी उठल्यापासून मुलगी झोपेपर्यंत घर तुझ्या ताब्यात. ती मैत्रिणीकडे जाईल, नाटकाला जाईल, नाहीतर दार लावून दुपारपर्यंत झोपेल. कुठे गेलीस, काय केलंस, विचारायचं नाही. पहिल्या वेळी तिचा विश्वास बसणार नाही आणि ती दर तासाला फोन करेल. करू दे.

आता तुझे डोंगर. दर आठवड्याला नवा गड म्हणजे यादीवर खूण करणं झालं, त्यात आणि ऑफिसच्या कामात फरक तो काय? जूनमध्ये राजमाची, ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगड, जानेवारीत तोरणा असं फिरलास की जागा पुष्कळ बघून होतात, पण ऋतू कसा सरकतो ते कळत नाही. त्यासाठी जागा तीच लागते.

कोथरूडला राहणाऱ्या माणसाने शांततेसाठी शनिवारी रात्री बस पकडावी, याचं मला नवल वाटतं. वेताळ टेकडी तुझ्या उशाशी आहे. आठवड्यातून दोनदा, ऑफिसच्या आधी, तीच वाट धर. आत्ता मृग लागलाय, चार सरी झाल्या की खडकाच्या फटींतून पोपटी रंग वर येतो आणि जुन्या खाणीत पाणी साठायला लागतं. सप्टेंबरात गवत गुडघ्याच्या वर. ऑक्टोबरच्या उन्हात तेच गवत वाळून पिवळं पडतं आणि चालताना कुसळं मोज्यांत शिरतात, ती घरी येऊन एकेक उपटत बसावी लागतात. (तो उद्योगही वाईट नाही.) फेब्रुवारीत गिरिपुष्प पानं टाकून गुलाबी होतं. नावावरून हुरळू नकोस, ते झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, टेकड्या झटपट हिरव्या दिसाव्यात म्हणून लावलेलं. मुलीला कधीतरी बरोबर ने. तिला मोर दिसला नाही तरी ऐकू नक्की येईल.

मोठा गड सोडायला मी सांगत नाही. पण एकच निवड. राजगड घे. गुंजवण्याहून चोर दरवाज्याने चढायचं, वर्षातून तीन-चार वेळा, तेही सुट्टी टाकून मधल्या वारी. रविवारची गर्दी तूही असतोस, हे भंडारदऱ्याच्या रांगेत तुझ्या लक्षात आलं नसावं. काजवा चमकतो तो जोडीदार मिळवण्यासाठी. टॉर्चच्या उजेडात त्याची खूण दिसेनाशी होते. त्या झाडांना एखादं वर्ष आपल्याशिवाय राहू दे.

संगीताबद्दल तू लिहिलंस त्याचा मात्र मला आनंद झाला. तुझ्या या संगीताच्या मुळाशी जे चार-पाच अमेरिकन संगीतकार आहेत, त्यांतले टेरी रायली 1970 पासून पंडित प्राणनाथांचे शिष्य. प्राणनाथ किराणा घराण्याचे, म्हणजे मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं जे घराणं, तेच. एकेका सुरावर ठाण मांडून बसायची, घाई न करता राग उलगडायची रीत तिथली. तेव्हा एखाद्या रात्री हेडफोनमधलं ते संगीत बाजूला ठेव आणि नुसता तानपुरा लाव. मिरजेतले तानपुरे करणारे कारागीर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, लावतात, तो केसभर हलला तरी आवाज बदलतो. चारच तारा, पण कान लावलास तर त्यात काय काय ऐकू येतं बघ.

याच रायलींची 1964 ची एक रचना आहे, छोट्या छोट्या 53 तुकड्यांची. प्रत्येक वादकाने एकेक तुकडा हवा तितका वेळ घोळवायचा आणि वाटेल तेव्हा पुढच्यावर जायचं. पूर्ण मुभा. अट एवढीच की सगळ्यांनी एकमेकांना ऐकायचं आणि कोणी दोन-तीन तुकड्यांपेक्षा फार पुढे जायचं नाही, फार मागेही राहायचं नाही. कोणी लांब गेलाच, तर त्याने थांबायचं. तू बराच पुढे गेलायस, बाबा. म्हणून हेडफोन काढ. तेच संगीत दिवाणखान्यात बारीक आवाजात लाव. बायको म्हणेल, 'काय हे, सुई अडकल्यासारखं?' म्हणू दे. तिला आशाबाई ऐकायच्या असतील तर त्या लावा. निदान दोघांच्या कानावर एकच काही पडेल.

शेवटी झोपेचं. पहाटे 3 ची जाग रोजची झाली असेल, तर त्यावर गड चढणं हा उपाय नाही. आधी फॅमिली डॉक्टरला दाखव. तिथे बोलायला अवघड वाटलं, तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलतात. हे बायकोपासून लपवू नकोस. तुला झोप लागत नाही हे तिला माहीत आहे का, हेही तुझ्या पत्रात नव्हतं.

ऑगस्टअखेरीस राजगडावर सोनकी फुलायला लागेल. तिघांनी जायचं असेल तर त्याआधी तिचे तीन-चार रविवार देऊन झालेले असू देत, आणि यायचं की नाही ते तिला ठरवू दे.

– मावशी