मंत्रिपदाला मुदत नसते

केंद्रीय मंत्रिपरिषदेत कोण असते, किती जण असतात आणि किती काळ असतात, याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतले पाच प्रश्न या वेळी घेतो.

पंतप्रधानांना हवे तितके मंत्री नेमता येतात का? (एक वाचक, मिरज)

नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मर्यादा घातली आहे. पंतप्रधान धरून मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपुढे जाता कामा नये. ५४३ चे १५ टक्के ८१.४५, म्हणजे जास्तीत जास्त ८१. ९ जून २०२४ रोजी शपथ घेतली ती पंतप्रधानांसह ७२ जणांनी. या दुरुस्तीआधी राज्यांत तर ताळतंत्रच उरले नव्हते. १९९७ साली उत्तर प्रदेशात कल्याणसिंग यांचे मंत्रिमंडळ ९३ जणांचे झाले होते. राज्यांनाही आता १५ टक्क्यांचीच मर्यादा आहे, मात्र किमान १२ ची सवलत ठेवलेली आहे. त्यामुळे ४० आमदारांच्या गोव्यात टक्केवारीने सहाच बसत असले, तरी १२ मंत्री करता येतात.

खासदार पाच वर्षांसाठी निवडून येतो, मग मंत्रीही पाच वर्षांसाठीच ना? मध्येच काढणे अन्याय नाही का? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, बार्शी)

पाच वर्षे ही लोकसभेची मुदत. मंत्र्याला घटनेने मुदत दिलेलीच नाही. कलम ७५ नुसार राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत मंत्री पदावर राहतो, आणि राष्ट्रपती पंतप्रधानांच्या सल्ल्याने वागतात. म्हणजे व्यवहारात ही मर्जी पंतप्रधानांची. त्याच कलमात दुसरी अट आहे: मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. पंतप्रधानांचा विश्वास उडाला तर एक मंत्री जातो, लोकसभेचा उडाला तर सगळेच. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले, तेव्हा कोणत्या खात्याचे काम चांगले होते हा प्रश्नच नव्हता.

यात अन्याय आहे असे मला मुळीच वाटत नाही. पाच वर्षांची हमी मिळालेल्या मंत्र्याने संसदेला उत्तर द्यायचे तरी कशासाठी?

सामूहिक जबाबदारी मंत्र्यालाही बांधते. निर्णय पटला नाही तर आत राहून विरोधात बोलता येत नाही, बाहेर पडावे लागते. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ मध्ये डॉ. आंबेडकर कायदामंत्रिपद सोडून बाहेर पडले. पुढे १९५६ मध्ये, कुलाब्यातून निवडून आलेले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. त्यांचे लोकसभेतले निवेदन केवळ मुंबईपुरते नव्हते. मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा मंत्रिमंडळाशी विचारविनिमय न करता झाली, असा त्यांचा आक्षेप होता. निर्णय एकट्याने घ्यायचा आणि जबाबदारी मात्र सगळ्यांवर, हे त्यांना मान्य नव्हते. आपल्याकडे ही घटना संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला त्याग म्हणून सांगितली जाते, आणि ते खरेच आहे. पण मंत्रिमंडळाने कसे चालावे याचा इतका रोखठोक धडा दुसरा नाही, म्हणून ती परीक्षेच्या अभ्यासातही असावी.

‘राज्यमंत्री, स्वतंत्र कार्यभार’ म्हणजे नेमके काय? (निवृत्त शिक्षक, वाई)

त्याच्या खात्यावर वरचा कॅबिनेट मंत्री नसतो, खाते तोच सांभाळतो. मात्र तो कॅबिनेटचा सदस्य नसतो. आपल्या खात्याचा विषय असेल तेव्हा त्याला बैठकीला बोलावतात. हा फरक किती मोठा मानला जातो ते २०२४ मध्ये दिसले. प्रफुल्ल पटेल पूर्वी कॅबिनेट मंत्री होते, म्हणून अजित पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसने त्यांच्यासाठी देऊ केलेले हे पद घेतले नाही. उपपंतप्रधानपदाची तर घटनेत तरतूदच नाही. १९७९ साली यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान झाले, पण घटनेच्या दृष्टीने ते मंत्रीच होते.

खासदार नसलेला माणूस मंत्री होऊ शकतो का? (एक वाचक, मडगाव)

होऊ शकतो, सहा महिन्यांपुरता. तेवढ्या अवधीत लोकसभेत किंवा राज्यसभेत यावे लागते. जून १९९१ मध्ये नरसिंह राव पंतप्रधान झाले आणि मनमोहन सिंग अर्थमंत्री, तेव्हा दोघेही कोणत्याच सभागृहात नव्हते. राव नोव्हेंबरमध्ये नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले, सिंग त्याआधी आसाममधून राज्यसभेत. सहा महिने संपत आले की राजीनामा द्यायचा आणि निवडून न येताच पुन्हा शपथ घ्यायची, अशी पळवाट पंजाबात एका मंत्र्यासाठी काढली गेली होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. मतदारांना चुकवून मंत्रिपद टिकवण्याचा तो प्रकार होता. न्यायालयाने तो वेळीच थांबवला याचे मला मनापासून समाधान वाटते.

लोकसभा विसर्जित झाल्यावर मंत्री कोणाला जबाबदार असतात? (वकील, परभणी)

सर्वांत अवघड प्रश्न हाच. १९७१ मध्ये लोकसभा विसर्जित असताना इंदिरा गांधींच्या पंतप्रधानपदावर राहण्याला आव्हान देण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर स्पष्ट होते: राष्ट्रपतींना मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याशिवाय कारभार करता येत नाही, त्यामुळे सभागृह नसले तरी मंत्रिपरिषद असलीच पाहिजे. हा निकाल योग्यच आहे. मंत्रिपरिषद नसती, तर मधल्या काळात सगळी सत्ता एकट्या राष्ट्रपतींच्या हाती गेली असती.

अशा काळजीवाहू सरकारने दूरगामी धोरणे ठरवू नयेत, हा मात्र नुसता संकेत आहे. चरणसिंग २८ जुलै १९७९ रोजी पंतप्रधान झाले. लोकसभेला एकदाही सामोरे न जाता त्यांनी २० ऑगस्टला राजीनामा दिला, आणि दोन दिवसांनी लोकसभा विसर्जित झाली. त्यांचे मंत्रिमंडळ १४ जानेवारी १९८० पर्यंत कारभार पाहत राहिले. सभागृहाचा विश्वास कधीच न मिळवलेले सरकार जवळजवळ पाच महिने काळजीवाहू राहू शकते. म्हणून त्या काळात काय करता येईल आणि काय नाही, हे लेखी नियमांत यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.