ब्रशला रक्त लागतंय? घासणं थांबवू नका

प्रश्न : वय ५४, मधुमेहाला दहा वर्षं झाली. ब्रश करताना उजवीकडे रक्त येतं, म्हणून ती बाजू घासतच नाही. चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. रक्त बहुतेक वेळा ब्रशमुळे नाही, तर हिरडीच्या कडेला बसलेल्या चिकट थरामुळे येतं. तो राहू दिला की त्याचं किटण होतं, आणि किटण ब्रशने निघत नाही. रक्तात साखर जास्त असली की हिरडी जंतूंपुढे कमी पडते, जखमही लवकर भरत नाही. उलट हिरडीची सूज इन्सुलिनचं काम अडवते. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत तिरका धरा, जागच्या जागी हलकेच हलवा. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. फटींसाठी इंटरडेंटल ब्रश. मशेरी लावत असाल तर आधी ती बंद.

दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर डेंटिस्टकडून हिरडी आणि दात यांच्यातली फट किती खोल आहे ते मोजून घ्या. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ४ किंवा जास्त भरली आणि रक्तही येत असेल, तर मुळांपर्यंत सफाई लागते. ती नीट झाली की तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) सरासरी ०.३ ते ०.५ टक्क्यांनी उतरतं, म्हणजे ८ चं साधारण ७.६. अर्थात मधुमेहाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या.

प्रश्न : रक्तदाबासाठी अम्लोडिपिन सुरू झाल्यापासून पुढच्या दातांमधल्या हिरड्या फुगल्यात. गोळी बंद करू का?

उत्तर : परस्पर नको. अम्लोडिपिन, निफेडिपिन यांनी काहींच्या हिरड्या वाढतात, आणि दातांवर थर असेल तिथे जास्त. आधी सफाई, तेवढ्यानेही कमी नाही झालं, तर डॉक्टर गोळी बदलू शकतात. डेंटिस्ट आणि डॉक्टर, दोघांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा, हे बहुतेक जण करत नाहीत.

प्रश्न : आईला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही, अ‍ॅस्पिरिनही चालू आहे. दात साफ करायला उपाशी न्यायचं का? सफाईने दात हलायला लागतात म्हणे.

उत्तर : उपाशी मुळीच नको, साखर खाली जाईल. सकाळची वेळ घ्या. नाश्ता आणि रोजची औषधं नेहमीप्रमाणे द्या. सोबत ग्लुकोज ठेवा. साध्या सफाईसाठी अ‍ॅस्पिरिन सहसा थांबवत नाहीत; दाबून धरलं की रक्त थांबतं. रक्तदाब १८०/११० च्या वर निघाला, तर त्या दिवशी सफाई पुढे ढकला आणि आधी डॉक्टरांना दाखवा. राहिला दात हलण्याचा प्रश्न : हाड आधीच झिजलेलं असतं, किटणाने दात धरून ठेवलेला असतो. किटण निघालं की तो हलतो, एवढंच.