सरकारी कामाला परदेशी माणूस चालतो का? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या लेखात मी म्हटलं होतं, की काही मोजक्या तांत्रिक कामांसाठी सरकारने परदेशी तज्ज्ञ ठरावीक मुदतीच्या करारावर घ्यायला हरकत नाही. त्यावर बरीच पत्रं आली, त्यांतली काही चांगलीच रागावलेली. काही प्रश्न इथे घेते.

प्रश्न : मॅडम, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून पाच वर्षं एमपीएससीच्या राज्यसेवा आणि कंबाइन परीक्षांचा अभ्यास करतोय. जागा निघत नाहीत, निघाल्या तर निकाल अडकतात. आणि तुम्ही बाहेरची माणसं आणा म्हणता. आमच्या ताटातलं आहे तेही जाणार का?

नाही, आणि हे मी कायद्याच्या आधारावर सांगते. सरकारी नोकरीत समान संधीचा हक्क देणारं राज्यघटनेचं कलम १६ फक्त भारतीय नागरिकांसाठी आहे. आयएएस आणि आयपीएस या सेवा नागरिकांनाच खुल्या आहेत. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेतल्या इतर काही सेवांसाठी मात्र नेपाळ-भूतानचे प्रजाजन, १ जानेवारी १९६२ पूर्वी कायमचे राहायला आलेले तिबेटी निर्वासित, आणि पाकिस्तान, म्यानमार, श्रीलंका किंवा पूर्व आफ्रिकेतल्या काही देशांतून कायमचं राहायला आलेले मूळचे भारतीय अर्ज करू शकतात. त्यांना सरकारकडून पात्रता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. फाळणी आणि स्थलांतरं यांच्या इतिहासातून ही मुभा आली आहे, मनुष्यबळाच्या टंचाईतून नाही.

मी ज्याबद्दल लिहिलं तो तज्ज्ञ मंजूर पदावर बसत नाही. त्याला ज्येष्ठता नाही, निवृत्तिवेतन नाही, आरक्षणाचा हिशेब ठेवणाऱ्या बिंदुनामावलीत त्याची नोंद नाही. करार संपला की तो परत जातो.

तुमचा राग मला कळतो, कारण आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत सर्रास होते. मंजूर पद रिकामं असणं ही एक गोष्ट, आणि ते काम येणारा माणूसच देशात नसणं ही दुसरी. कनिष्ठ अभियंता, आरोग्यसेविका, तलाठी यांची पदं रिकामी राहतात ती माणसं नाहीत म्हणून नव्हे, भरती होत नाही म्हणून. त्याला कौशल्याचा तुटवडा म्हणणं ही तुमच्यासारख्यांची फसवणूक आहे. सप्टेंबर २०२३मध्ये खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासननिर्णय निघाला, पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. तेव्हा तुमचं म्हणणं बरोबरच होतं. रिकाम्या पदाचं उत्तर भरती हेच आहे आणि ती वेळेवर व्हायला हवी. त्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

प्रश्न : मी ऐंशी वर्षांचा आहे, एरंडवण्यात राहतो. गोऱ्या साहेबाला घालवून आपण स्वतंत्र झालो. पंचाहत्तर वर्षांनी त्यालाच पुन्हा बोलवायचं, ही लाचारी नाही का?

काका, एक दिवस पाषाण रोडने राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेवरून चक्कर मारा. ३ जानेवारी १९५०ला, म्हणजे प्रजासत्ताक व्हायच्याही तीन आठवडे आधी, पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. तिचे पहिले संचालक होते जेम्स मॅकबेन. जन्म कॅनडातला, कारकीर्द ब्रिटनमधल्या ब्रिस्टल आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठांत, आणि पुण्याला आले तेव्हा सत्तरीकडे झुकलेले. १९५२मध्ये त्यांच्या जागी जॉर्ज फिंच आले. हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले प्राध्यापक. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत कृत्रिम प्राणवायू घेऊन चढणारे गिर्यारोहक ते हेच. ते पाच वर्षं राहिले. १९५७मध्ये डॉ. के. वेंकटरामन संचालक झाले, पहिले भारतीय. त्यांच्यानंतर डॉ. बी. डी. टिळक.

नव्या, स्वाभिमानी देशाने आपल्या मोठ्या प्रयोगशाळेची किल्ली सलग दोन परदेशी माणसांच्या हाती दिली. त्यात लाचारी नव्हती. सात वर्षांत ती आपल्या माणसाकडे आली आणि तिथेच राहिली. वेंकटरामन यांच्याकडे रंगरसायनांचा मोठा अनुभव होता आणि मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात त्यांनी विद्यार्थ्यांची पिढी घडवली होती. म्हणजे वारसदार घरात तयार होता.

भाक्रा धरणाचंही असंच. हार्वे स्लोकम हा फारसं शालेय शिक्षण नसलेला अमेरिकन धरणबांधणीतला वाकबगार. तो १९५२मध्ये आला, काही डझन अमेरिकन सहकाऱ्यांसह आपल्या अभियंत्यांकडून काम करून घेतलं आणि १९६१मध्ये इथेच वारला. धरण १९६३मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. तोवर काँक्रीट ओतायच्या शिस्तीत तयार झालेली आपली पिढी उभी होती.

पण सगळीकडे असं जमलं नाही, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवं. जर्मन विमानतज्ज्ञ कुर्ट टांक १९५६मध्ये बंगळुरूला आले. त्यांच्या नेतृत्वाखाली बनलेलं ‘मरुत’ हे लढाऊ विमान १७ जून १९६१ला उडालं. आपले कितीतरी अभियंते त्यांच्या हाताखाली शिकले. मात्र त्या मंडळींना त्याच तोडीचं पुढचं काम मिळालं नाही आणि हातात आलेली विद्या विरत गेली. आपल्या आरेखनाचं पुढचं लढाऊ विमान, तेजस, उडायला ४ जानेवारी २००१ उजाडलं. मध्ये चाळीस वर्षं गेली. टांक कुठल्या देशाचे होते याने इथे काही बिघडलं नाही. ते गेल्यावर त्यांच्या शिष्यांना काय द्यायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं.

प्रश्न : मी एका महापालिकेत उपअभियंता आहे. सांडपाण्याच्या प्रकल्पासाठी परदेशी तज्ज्ञ सल्लागार घ्यायचा विचार चालू आहे. प्रक्रिया कशी असते, आणि आम्ही काय सांभाळावं?

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा : काम अडलंय ते ज्ञानामुळे, की जागा, निविदा आणि मंजुऱ्यांमुळे? मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका संस्थेबरोबर कर्जाचा करार झाला जानेवारी २०१६मध्ये, आणि नदीकाठी कामाला प्रत्यक्ष हात लागायला कितीतरी वर्षं गेली. त्यातला बराच काळ निविदा आणि जागांच्या गुंत्यात गेला. तो गुंता कुठलाही परदेशी तज्ज्ञ सोडवू शकत नाही.

खरोखर ज्ञानच कमी पडत असेल तर पुढे जा. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतला, म्हणजे २०१७च्या जीएफआरमधला, नियम १७८ सांगतो की काम आणि मुदत नेमकी ठरलेली असेल तर बाहेरचे व्यावसायिक घेता येतात. महापालिकेला राज्याचे आणि स्वतःचे खरेदी-नियम लागू, पण ही शिस्त तीच. परदेशी कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेचे नियमही बघावे लागतात. चीनसारख्या, आपल्या जमिनीच्या सीमेला लागून असलेल्या देशांतल्या निविदाकारांना २३ जुलै २०२०च्या आदेशानुसार आधी नोंदणी लागते. हे निविदा उघडल्यावर लक्षात आलं तर सगळं मुसळ केरात.

तज्ज्ञाला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागेल. ज्या कामासाठी भारतीय माणसं मुबलक मिळतात त्याला हा व्हिसा मिळत नाही आणि काही अपवाद सोडले तर वार्षिक मोबदला किमान १६.२५ लाख रुपये असावा लागतो. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल तर आल्यावर १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी. आर्थिक वर्षात मुक्काम १८२ दिवस झाला की आयकराचं चित्र बदलतं. तुमच्या लेखा विभागाला हे करार करण्याआधी दाखवा. देयक अडकल्यावर दाखवून उपयोग नाही.

हे सगळं कागदावरचं झालं. मला जे कळकळीने सांगायचंय ते वेगळं आहे.

काही वर्षांपूर्वी एका शहरात (नाव घेत नाही) पाण्याची गळती शोधायला युरोपातून एक तज्ज्ञ आला होता. मी त्या करारावर सल्ला देत होते. माणूस अतिशय मनापासून काम करणारा. रात्री दोन वाजता रस्त्यावर कान लावून नळवाहिनीचा आवाज ऐकायचा. त्याच्याबरोबर एक तरुण कनिष्ठ अभियंता दिला होता, हुशार आणि उत्साही. तिसऱ्या महिन्यात त्या अभियंत्याची बदली झाली. बदली आलेल्याला निवडणुकीचं काम लागलं. तिसऱ्याला इंग्रजी बोलायचा संकोच, म्हणून तो लांबच राहायचा. आठ महिन्यांनी तज्ज्ञ गेला. जाडजूड अहवाल कपाटात आणि उपकरणं खोक्यात. वर्षभराने तिथे गेले तर खोक्याची किल्ली कुणाकडे आहे हेही कुणाला माहीत नव्हतं. आणि करारात या गोष्टीची अट घालायची राहून गेली होती, ती माझ्याकडून. ते मला अजून सलतं.

म्हणून आता मी प्रत्येक करारात आग्रह धरते : तज्ज्ञाबरोबर किमान दोन भारतीय अभियंते नावानिशी नेमलेले असावेत, करार संपेपर्यंत त्यांची बदली होणार नाही असा आयुक्तांचा लेखी आदेश असावा, आणि शेवटचा हप्ता अहवाल दिल्यावर नव्हे, तर त्या दोघांनी तज्ज्ञ नसताना तेच काम करून दाखवल्यावर मिळावा. खरा तज्ज्ञ या अटीला कधी नाही म्हणत नाही. जो म्हणतो, त्याला घेऊ नका. शिवाय सही तुमचीच राहू द्या. सल्लागाराने सल्ला द्यायचा, निर्णय पदावरच्या माणसाने घ्यायचा. सल्लागाराला शिस्तभंगाचे नियम लागू नाहीत, तुम्हाला आहेत.

आणि मराठी! निम्मं ज्ञान मजूर, वायरमन आणि फिटर यांच्याशी बोलताना पोचतं. दुभाषा ठेवा, त्याचे पैसे करारात धरा.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकन नागरिक आहे, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. हवामानशास्त्रात संशोधन करते. पुण्यात परत येऊन सरकारी संस्थेत काम करायची तिची फार इच्छा आहे. शक्य आहे का? (औंधहून एक आई)

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे आधी नीट समजून घ्या, कारण नावामुळे खूप जण फसतात. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ब नुसार ओसीआयधारकांना कलम १६चा हक्क नाही, आणि केंद्र सरकारने खास आदेशाने खुली केलेली पदं सोडली तर सरकारी सेवेत नेमणूकही नाही. मात्र व्हिसाची कटकट त्यांना नाही.

तिच्यासाठी दुसरा मार्ग आहे. संशोधन संस्था मुदतीच्या, प्रकल्पाला जोडलेल्या किंवा अभ्यागत नेमणुका करतात. परदेशातल्या शास्त्रज्ञांसाठी, त्यात अनिवासी भारतीय आणि ओसीआयही आले, केंद्राने २०१७मध्ये ‘वज्र’ योजना सुरू केली. त्यात वर्षाला एक ते तीन महिने इथल्या संस्थेत काम, अशी कल्पना होती. पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, आयसर, आयुका यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा आणि तिला सांगा की थेट एखाद्या संशोधकाला आपल्या कामाबद्दल लिही. अशा नेमणुका बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात. ताई, मुलगी परत यायचं म्हणतेय, तिला निरुत्साही करू नका.

प्रश्न : खेळाडूंसाठी परदेशी प्रशिक्षक, त्यांना भरमसाठ पगार, त्याच मैदानावर आमच्यासारखे भारतीय प्रशिक्षक कंत्राटावर तुटपुंज्या मानधनावर. हा न्याय कुठला? (बालेवाडी)

न्याय नाहीच. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम रीड यांच्या मार्गदर्शनाखाली टोकियोत भारतीय पुरुष हॉकी संघाने ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आणलं, त्यामुळे परदेशी प्रशिक्षकावर खर्च करू नये असं मी म्हणणार नाही. पण दहा-बारा वर्षांच्या पोराला काठी धरायला शिकवणारा तुमच्यासारखा माणूस असतो, म्हणून रीड यांच्या हाती खेळाडू येतो. परदेशी प्रशिक्षकाच्या प्रत्येक करारात भारतीय सहायकाचं पद, तेही नियमित वेतनाचं, असलंच पाहिजे.

प्रश्न : हडपसरला खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. जर्मनीला जायचा विचार आहे. तिथे सरकारी रुग्णालयात नोकरी म्हणजे सरकारी नोकरी का? परदेशी सरकारं आपल्याला कशी घेतात?

जर्मनीत ‘बेआम्टे’ म्हणजे शासकीय अधिकारी हा दर्जा सहसा जर्मन किंवा युरोपीय संघाच्या नागरिकांनाच मिळतो. सार्वजनिक रुग्णालयातली परिचारिका त्यात बसत नाही. ती करारावरची कर्मचारी असते, पण वेतन सामूहिक वेतनकरारानुसार आणि जर्मन सहकाऱ्याइतकंच. म्हणून तिथे नागरिकत्व आड येत नाही. ब्रिटनमध्ये तर राखीव पदं सोडली तर नागरी सेवासुद्धा राष्ट्रकुल देशांच्या, म्हणजे आपल्याही, नागरिकांना खुली आहे. फक्त तिथे काम करायचा परवाना हातात हवा.

महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. एजंटाकडे जाण्याआधी सरकारी मार्गाची चौकशी करा. जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत लागेल, आणि तुमच्या पदवीला तिथली मान्यता मिळेपर्यंत साहाय्यक म्हणून काम करावं लागू शकतं. त्या काळातला पगार कमी असतो, तो आधी विचारा.

करारावर सही करण्यापूर्वी एक कलम आवर्जून वाचा : ठरल्याआधी नोकरी सोडली तर भाषाशिक्षणाचा आणि प्रवासाचा खर्च किती परत करावा लागेल. आकडा लिहिलेला नसेल तर लिहून घ्या, आणि करार फक्त जर्मनमध्ये असेल तर अधिकृत भाषांतर हातात पडेपर्यंत सही करू नका.