मुलगा वांड आहे की एडीएचडी, हे घरी कसं ओळखायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा दुसरीत आहे, डिसेंबरात सात पूर्ण झाली, वर्गात जागेवर बसत नाही, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो. शाळेनं 'डॉक्टरांना दाखवा' म्हणून निरोप दिलाय आणि घरी सासूबाई म्हणतायत, पोरं अशीच असतात, ह्याचा बापही असाच होता. मग खरं कोणाचं, हा तुमचा प्रश्न. मी कोल्हापुरात पहिली-दुसरीला शिकवत होते, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, त्यामुळं निदान सांगणार नाही. काय बघायचं तेवढं सांगते. एडीएचडी म्हणजे लक्ष न लागणं, अतिचंचलता, उतावीळपणा ह्यांचा विकार.

आधी जन्ममहिना. आपल्याकडं पहिलीच्या प्रवेशाला 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमचा मुलगा वर्गातल्या सगळ्यात लहान पोरांपैकी. बाकावर शेजारी जानेवारीचा मुलगा असेल तर तो जवळजवळ वर्षानं मोठा, आणि ह्या वयात वर्ष म्हणजे फार झालं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही शाळेची तारीख 31 डिसेंबरच आहे. तिथला 2012 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीतल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान 30 टक्के जास्त झालं होतं. मेंदूची घडण काही जन्ममहिना बघून बदलत नाही. नुसतं लहान असणंच आजारात धरलं गेलं असणार. तेव्हा बाईंना पहिलं हे विचारा, की तुम्ही त्याला कुणाशी ताडून बघताय?

आता खोडी आणि एडीएचडी. दंगा किती करतो ह्यावरून काही कळत नाही. माझ्या वर्गात एक पोरगा होता, बाकावरून बाकावर उड्या, खडू लपवणं, सगळं. पण संध्याकाळी मैदानावर फुटबॉलच्या सरांनी नावं पुकारायला सुरुवात केली की खांबासारखा उभा. खेळायचं होतं ना! दुसरा पोरगा त्याच्याहून फुटबॉलवेडा. पेनल्टीच्या रांगेत उभा केला की दोघांना ढकलून पुढं जायचा, सर बाहेर बसवायचे, हा रडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नियम विचारला तर घडाघडा सांगायचा. त्याला कळत सगळं होतं, त्या क्षणी थांबता येत नव्हतं, आणि त्याला सगळ्यांत जास्त हवी असलेली गोष्टच त्यात हातची जायची. पहिला नुसता वांड. दुसऱ्याला मी डॉक्टरांकडं न्यायला सांगितलं.

त्यामुळं मुलाला नावडत्या अभ्यासाला बसवून परीक्षा घेऊ नका. त्याला स्वतःला मनापासून करायचंय त्यात काय होतं ते बघा. अंबाबाईच्या दर्शनरांगेत तासभर कुठलंच सात वर्षांचं पोर शांत राहत नाही, ते धरायचं नाही. मोबाईलवर तासभर बसतो म्हणजे लक्ष आहे, असंही धरू नका. स्क्रीनवर क्षणाक्षणाला नवं काहीतरी मिळतं, तिथं एडीएचडीची मुलंही खिळून बसतात.

वह्या काढा. जूनची आणि आत्ताची शेजारी ठेवा. खोडकर मुलाच्या वहीत एखादं पान कोरं असतं, पुढचं पूर्ण असतं, कारण त्या दिवशी गप्पा चालल्या होत्या. त्या दुसऱ्या पोराची वही वेगळी होती. तीन ओळी सुबक, चौथीत 47 + 28 ऐवजी 47 + 2, मग चिमणीचं चित्र, मग काहीच नाही. महिनोन्‌महिने, रोज. एरवी तोंडी गणितात तो वर्गात पुढं होता.

डॉक्टर ज्या निकषांवर बघतात त्यांत लक्ष न लागण्याची 9 लक्षणं आहेत आणि अतिचंचलतेची, उतावीळपणाची 9. त्यातल्या एका गटातली कमीत कमी 6 लक्षणं, किमान 6 महिने, वयाच्या मानानं जास्त, घर-शाळा-मैदान अशा दोन तरी ठिकाणी, आणि त्यामुळं मुलाचं नुकसान होतंय, एवढं सगळं जुळावं लागतं. फक्त शाळेतच त्रास असेल तर शाळेत काय चाललंय ते शोधा. ऐकू कमी येतंय का, फळा दिसतो का, रात्री तोंड उघडं टाकून घोरतो का, वाचताना अक्षरं अडतात का. ह्या प्रत्येक गोष्टीनं मूल 'लक्ष नसलेलं' दिसतं. घरात ताण असला तरीही.

सासूबाईंचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. एडीएचडी घराण्यात चालत येतो, त्यामुळं 'बापही असाच होता' हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगण्यासारखं आहे. असाच म्हणजे कसा, हे त्यांना नीट विचारा. वांड होता आणि मोठेपणी निवळला, की दप्तर, डबा, पुढं पाकीट, गाडीची किल्ली आयुष्यभर हरवत आला?

आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कान-डोळे तपासून झाले की मानसोपचारतज्ज्ञ; कोल्हापूरच्या सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात तो विभाग आहे. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फुकट, मराठीतही बोलता येतं. रक्ताची तपासणी किंवा मेंदूचा स्कॅन करून एडीएचडी ठरत नाही, कुणी तसं सांगितलं तर पैसे भरू नका. आईवडील आणि शिक्षक दोघांनी भरायच्या प्रश्नावल्या देतील, म्हणून 'लक्ष नाही' म्हणजे नेमकं काय आणि केव्हा, ते बाईंकडून दोन ओळींत लिहून न्या. औषधाला भिऊन थांबू नका. निदान झालं तरी ते लगेच सुरू होतंच असं नाही, आणि झालंच तर भूक आणि झोप ह्यांवर लक्ष ठेवून डॉक्टर मात्रा ठरवतात.

निदान होवो न होवो, बाईंना उद्याच सांगता येईल: पहिल्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, आणि मध्येच वह्या गोळा करायला, फळा पुसायला त्यालाच उठवा.