टाइमलाइनवर व्हिडिओ अडखळत चालतो, रॅम वाढवू का?

रॅम विकत घेऊ नका, निदान आज तरी नको. तुम्ही लिहिलंय की १६ जीबी रॅम आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, क्लिप्स एसएसडीवर आहेत. ४के क्लिप व्हीएलसी प्लेअरमध्ये अगदी सुरळीत चालते, पण एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकली की अडखळते, आणि मागे न्यायला गेलं की जागीच थिजते. या वर्णनातच निम्मं उत्तर आहे. रॅम कमी पडली असती तर सगळा कॉम्प्युटरच जड झाला असता, ब्राउजर उघडायलाही वेळ लागला असता. तुमची फक्त टाइमलाइन अडतेय, तीही मागे जाताना जास्त. ही खूण फाइलच्या आतल्या रचनेची आहे.

मोबाइल आणि बहुतेक कॅमेरे एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतात. हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती. फाइल लहान राहावी म्हणून यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक फ्रेम पूर्ण, आणि तिच्यानंतरच्या कित्येक फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं तेवढीच नोंद. काही फ्रेम्स तर स्वतःच्या पुढच्या फ्रेमवरही अवलंबून असतात. व्हीएलसी सरळ पुढे जातो, त्यामुळे त्याला अडचण येत नाही. तुम्ही मात्र टाइमलाइनवर मध्येच कुठेतरी क्लिक करता. सॉफ्टवेअरला मग आधीची पूर्ण फ्रेम शोधावी लागते, तिथपासून एकेक फ्रेम उलगडत तुमच्या जागेपर्यंत यावं लागतं, आणि त्यातली एकच तुम्हाला दाखवायची असते. मागे जाताना हाच उद्योग पुन्हा पुन्हा. प्रत्येक कटवर नव्या जागी उडी. एकावर एक दोन क्लिप्स असतील तर काम दुप्पट. आणि ३० एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम्सच्या, टाइमलाइनवर या सगळ्याला एका फ्रेममागे फक्त ३३ मिलिसेकंद मिळतात.

एक हिशेब बघा, म्हणजे एसएसडीने फरक का पडला नाही ते कळेल. ४केची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख पिक्सेल. उलगडल्यावर साध्या ८-बिट रंगांतही ती सुमारे २५ एमबी होते. सेकंदाला ३० फ्रेम्स म्हटल्या की ७५० एमबीच्या आसपास. पण डिस्कवर हीच क्लिप १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) असेल तर सेकंदाला वाचायचे फक्त साडेबारा एमबी. एवढं तर जुनी हार्ड डिस्कही सहज वाचते. वाचण्याचं काम किरकोळ, उलगडण्याचं प्रचंड.

हे उलगडण्याचं काम नेमकं कोण करतंय, ते आधी बघा. विंडोज असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स कार्डवर) जा. तिथे चार छोटे आलेख दिसतील, त्यातल्या एकाच्या मथळ्यावर क्लिक करून ‘व्हिडिओ डीकोड’ निवडा, डीकोड म्हणजे हेच उलगडणं. खिडकी बाजूला ठेवून टाइमलाइन चालवा.

मी स्वतः हे पहिल्यांदा केलं तेव्हा काय दिसलं ते सांगतो. कॅमेऱ्याच्या १०-बिट ४:२:२ क्लिप्स होत्या, म्हणजे रंगांची माहिती जास्त साठवणाऱ्या, त्यांच्यासाठीच नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. टाइमलाइन चालू केली, सीपीयू शंभर टक्क्यांना जाऊन टेकला, पंखे ओरडायला लागले, आणि डीकोडची रेघ शून्यावर सपाट. अजिबात हलली नाही. कार्ड चांगलंच होतं, पण त्या प्रकारची फाइल उलगडायची सोयच त्याच्यात नव्हती. ४:२:२ मधल्या एच.२६५ फाइल्स इंटेलच्या ११व्या पिढीच्या प्रोसेसरमधलं साधं अंगभूत ग्राफिक्सही उलगडतं, एनव्हिडियाच्या कार्डांत मात्र ती सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. कार्ड किती महाग, यापेक्षा ते कोणत्या फाइलला हात लावू शकतं हे पाहायला हवं, आणि खोक्यावर हे कुणी मोठ्या अक्षरांत छापत नाही.

फाइल कोणती आहे ते कळायला मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि क्लिप त्यात ओढा. कोडेक, बिट डेप्थ (८ की १०), क्रोमा सबसॅम्पलिंग (४:२:२ सारखा आकडा) आणि फ्रेम रेट मोड, या चार ओळी वहीत लिहून ठेवा. शेवटच्या ओळीकडे मी पुन्हा येतो.

रेघ शून्यावर असो वा नसो, मी तुमच्या जागी असतो तर प्रॉक्सी बनवल्या असत्या. प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी प्रत. एडिट तिच्यावर करायचं, एक्स्पोर्ट मूळ क्लिपवरूनच होतं, त्यामुळे शेवटच्या व्हिडिओच्या दर्जाला धक्का लागत नाही. तुमचं एडिटिंग सॉफ्टवेअर प्रीमिअर प्रो असेल तर क्लिपवर राइट क्लिक, प्रॉक्सी, क्रिएट प्रॉक्सीज. दा विंची रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमध्ये राइट क्लिक, जनरेट प्रॉक्सी मीडिया. फॉरमॅट निवडताना मात्र लक्ष द्या. बरेच जण जागा वाचवायला प्रॉक्सीही एच.२६४ मध्येच करतात, म्हणजे दुखणं थोडं कमी होतं पण जात नाही. प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी घ्या. यांत प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण असते, आधीच्या फ्रेमचा आधार लागत नाही. १०८० पिक्सेलची प्रोरेस प्रॉक्सी ३० एफपीएसला साधारण ४५ एमबीपीएस होते, म्हणजे तासाभराच्या चित्रीकरणाला सुमारे २० जीबी जागा. रात्री लावून झोपा, सकाळी तयार मिळतात.

प्रॉक्सी बनवूनही काही फरक पडला नाही असं सांगणारे खूप भेटतात. प्रीमिअर वापरणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा कारण एकच निघतं, प्रॉक्सी तयार असतात पण चालूच केलेल्या नसतात. प्रोग्रॅम मॉनिटरच्या खाली उजवीकडे अधिकचं चिन्ह आहे, त्यातून ‘टॉगल प्रॉक्सीज’चं बटण ओढून खाली आणा आणि दाबा. ते निळं दिसलं पाहिजे.

प्लेबॅक रिझोल्यूशन अर्धं किंवा पाव करा, हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळाला असेल. करून बघायला हरकत नाही, पण एच.२६४-२६५ मध्ये त्याने फार काही हाती लागत नाही, कारण फ्रेम आधी पूर्ण उलगडावीच लागते, लहान होते ती त्यानंतर. त्याचा खरा उपयोग इफेक्ट्स जड असतील तेव्हा होतो.

इफेक्ट्सचं दुखणं ओळखायला सोपं आहे. सगळे इफेक्ट्स एकदा बंद करा. नुसती क्लिप नीट चालली तर दोष इफेक्टचा, फाइलचा नाही. नॉइज रिडक्शन आणि स्टॅबिलायझेशन हे यातले सर्वांत भुकेले. मी ते एडिट पूर्ण लॉक झाल्यावरच लावतो. आधी लावायचेच असतील तर तेवढा तुकडा रेंडर करून, म्हणजे आधीच तयार करून घ्या. प्रीमिअरमध्ये टाइमलाइनच्या वर लाल पट्टी दिसते, एंटर दाबून रेंडर केलं की ती हिरवी होते. रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेनूत रेंडर कॅश ‘स्मार्ट’वर ठेवा.

आता त्या चौथ्या ओळीबद्दल. फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ दिसलं तर क्लिप मोबाइलवरची किंवा स्क्रीन रेकॉर्डिंगची असणार. मोबाइल ३० एफपीएस म्हणतो, पण प्रकाश कमी झाला किंवा फोन तापला की फ्रेम्समधलं अंतर कमीजास्त करतो. एडिटिंग सॉफ्टवेअरला समान अंतर हवं असतं. माझ्याकडे एकदा तासाभराची मुलाखत आली होती, फोनवर शूट केलेली. सुरुवातीला सगळं ठीक, शेवटाकडे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. समोरची बाई आपल्या आईबद्दल बोलत होती. तो उशिरा येणारा आवाज मला बघवेना. मूळ फाइल हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडलं, नवी फाइल टाइमलाइनवर घेतली आणि आवाज शेवटच्या वाक्यापर्यंत ओठांवर बसला. अशी क्लिप असेल तर एडिट सुरू करायच्या आधीच बदलून घ्या, अर्धं काम झाल्यावर फार त्रास होतो.

अडखळण्याचा आणखी एक प्रकार असा आहे ज्यात कॉम्प्युटरचा काही संबंधच नसतो. ३० एफपीएसची क्लिप २४च्या टाइमलाइनवर टाकली तर दर पाचातली एक फ्रेम गाळावीच लागते, आणि कॅमेरा आडवा फिरत असेल तर ते गचके स्पष्ट दिसतात. एक्स्पोर्टमध्येही तसेच राहतात. दोन्हींतला फरक कळायला ड्रॉप्ड फ्रेमचा दिवा बघा. प्रीमिअरमध्ये मॉनिटरखालच्या पान्याच्या (रेंचच्या) चिन्हाच्या मेनूतून तो चालू करता येतो, फ्रेम्स सुटल्या की हिरव्याचा पिवळा होतो. रिझॉल्व्हमध्ये व्ह्यूअरच्या वर एफपीएसच्या आकड्याशेजारी ठिपका असतो, तो लाल होतो. दिवा हिरवाच आहे आणि तरी चित्र गचकतंय, तर टाइमलाइनचा फ्रेम रेट बघा. जास्तीत जास्त क्लिप्स ज्या एफपीएसच्या, तोच टाइमलाइनला ठेवा.

प्रीमिअरमध्ये प्ले दाबल्यावर क्षणभर थांबून मग चालत असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ हार्डवेअरला जाऊन डीफॉल्ट इनपुट ‘नो इनपुट’ करा. ऐकायला असंबद्ध वाटतं, पण अनेकांचं एवढ्यानेच सुटलंय. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच काम करा, बॅटरीवर तो स्वतःहून वेग कमी करतो.

रॅमचं म्हणाल तर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आलेखही त्याच वेळी बघून ठेवा. प्रॉक्सी चालू असताना, इतर सगळं बंद करून, तो सतत ९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर ३२ जीबी करा. तो ६०-७०ला असेल आणि टाइमलाइन अडतेय, तर ते पैसे प्रॉक्सी ठेवायच्या एसएसडीसाठी राखून ठेवा.